सात नंबरची कुंडी

माया स्वभाव असा का जे मनात येते ते तोंडावर येते. तरी एक गोष्ट म्या चार दिवस पोटात ठेवली, त्याची लाज अजून वाटते.

२०११ चं साल. मी वच्छला, राळेगाव रोडवरच्या कापूस संशोधन केंद्रात रोजानं जात होती. तिथं मोनाली नावाची पोट्टी पीएचडी करे. मले मावशी म्हणे. पराटीच्या, म्हणजे कपाशीच्या, वीस कुंड्याईचं पाणी तिनं बारा दिवसासाठी तोडलं होतं. मी म्हटलं, बाई, झाडाले तहानं मारायचं, हे कोणतं शिक्षण?

मंग तिनं समजावलं. तहान लागली का झाड एक हार्मोन बनवते. पानात एक प्रोटीन असते. त्याले फॉस्फेट चिकटलं तं ते कामाले लागते, पानाचे बारीक तोंडं बंद करते, म्हणजे पाणी उडत नाही. दुसरं प्रोटीन ते फॉस्फेट सारखं काढून टाकते. हार्मोन आलं का त्या काढणाऱ्याचा हात धरते. मंग फॉस्फेट टिकते, तहानेची खबर पुढं जाते. तहान लईच लांबली तं झाड पात्या, म्हणजे कळ्या, आन् बोंडं गाळून स्वतःचा जीव वाचवते. आमच्या कोरडवाहूत दर साली हेच होये, आन् आम्ही नशिबाले शिव्या देत होतो.

तेराव्या दिवशी तिनं पानं तोडून तिथल्या तिथं गोठवले. उशीर झाला तं फॉस्फेट निघून जाते म्हणे. मंग पानाच्या रसाची तपासणी करून फोटो काढला; फॉस्फेट टिकलं असलं तं त्यात काळा पट्टा येते. एकोणीस झाडाईचा पट्टा काळा आला. सात नंबरचा फिक्का, आन् त्या झाडाचे बोंडं सारे शाबूत. तिच्या गाईड सराईचं नाचाचंच बाकी राह्यलं. तहानेले न भेणारं झाड भेटलं, याचं बी वाढवू म्हणे.

आम्ही बाया वावरात जेवलो का हात आन् डबा जवळच्या झाडावरच धुतो. पाणी वाया घालू नये, हे मायनं शिकवलं. सात नंबर दाराजवळ होती, आन् मी रोज तिथंच जेवून त्याच कुंडीत हात धुत होती.

चूप काहून राह्यली? हातची रोजी जाईल म्हणून नाही. माया भाऊ फकिरा कोरडवाहू पराटी पेरते. असं झाड खरंच असावं, हे मलेच वाटे.

पाचव्या दिवशी मोनालीले सांगून टाकलं. ती पांढरीफटक पडली.

“मावशी, अजून कोणाले सांगतलं?”

“नाही.”

“मंग नको सांगू. दोन वर्षं गेले माये. हे पहिलंच काही हाती लागलं.”

मले राग आला, पोटच्या पोरीवर येते तसा. कीवही आली.

“नाही सांगत,” मी म्हटलं. “पण हे बी गावात आलं, आन् फकिरानं मले विचारलं, पेरू का, तं काय सांगू?”

ती लई रडली. मंग डोळे पुसून सराईच्या खोलीत गेली. मी मागं गेली. चूक कोणाची, असं सराईनं विचारलं. माया कुंड्या, मायीच चूक, ती म्हणे. मी दारातूनच म्हटलं, नाही सर, पाणी माया हातचं होतं.

माया रोज दुसऱ्या दिवसापासून बंद झाला. मोनालीनं वीस कुंड्या पहिल्यापासून लावल्या.

त्या साली फकिराच्या पराटीच्या पात्या गळल्या. केंद्रात काही नवीन निघालं का, त्यानं विचारलं.

म्हटलं, अजून नाही, बापा.