डावी बाजू

स्वतःचा दोष तुम्ही कधी चारचौघांत गाऊन दाखवला आहे का?

मी पखवाज बोलतोय. घाटकोपरच्या टेकडीवरील वस्तीत मारुतीचे देऊळ आहे. तेथील भजनी मंडळाचा मी. माझा देह शिसवी, दोन्ही तोंडे चामड्याची. उजव्या तोंडाला कायमची शाई. डाव्याला मात्र प्रत्येक भजनापूर्वी ओली कणीक लावावी लागते आणि भजन संपताच ती खरवडून काढावी लागते. राहिली, तर चामडे कुजते.

आमच्या मंडळाचा एक नेम आहे. शनिवारी भजन आटोपले की ज्याने त्याने आपल्या चुकीवर एक ओळ रचून गायची. बाकीच्यांनी ती उचलून धरायची. हसायचे नाही, उपदेश करायचा नाही. या नेमाने अनेकांची दारू सुटली, दोन भावांचा अबोला मिटला.

प्रेमा याच नेमाने मंडळात आली. नवऱ्याच्या निधनानंतर ती कोणाशी बोलत नसे. पहिली ओळ तिने खांबाआड उभी राहून गायली. पुढे ती मला वाजवायला शिकू लागली.

मंडळाचा वादक हर्षद. हात तयार, मन कोते. तो म्हणे, "प्रेमाताई, पोळ्या लाटताय काय? पखवाज आहे हा!"

"तू स्वतः पोळी लाटलीस का रे कधी?" प्रेमा उत्तर देई. पण हात आखडत.

मंडळाचे प्रमुख तुळशीदासबुवा मालवणचे. ते म्हणत, "भियातंस कित्याक गो? हात चलंदे." हनुमान जयंतीच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी सर्वांसमक्ष सांगितले, "उद्या प्रेमा वाजवील. तिने निभावले, तर शनिवारचा पखवाज तिचा."

त्या संध्याकाळी हर्षदने मला वाजवले. कणीक काढली नाही. उलट वर पाणी शिंपडले, गवसणी घातली आणि नाडी आवळली. चैत्राचा उकाडा. मी आतल्या आत आंबत राहिलो.

हनुमान जयंती यंदा शनिवारीच आली होती; देऊळ भरले. प्रेमाने गवसणी सोडली. आंबट भपकारा आला. डावे चामडे फुगून कडेपाशी उकलले होते.

"वाट लागली ना!" हर्षद पुढे सरसावला. "बुवा, माझा घरचा पखवाज तयारच आहे. मीच वाजवतो."

बुवांनी आंबलेली कणीक बोटावर घेतली आणि त्याच्याकडे पाहिले.

प्रेमाने मला मांडीशी ओढले. "नको. उजवी बाजू शाबूत आहे. डावीचा ठोका तुम्ही सगळ्यांनी टाळ्यांनी द्या."

तिची बोटे माझ्या शाईवर पडली आणि सारे देऊळ माझी डावी बाजू झाले. लेकरे, म्हाताऱ्या, दारातले चपला सांभाळणारे, सर्वांच्या टाळ्या एका ठेक्यात पडल्या. कळसापर्यंत नाद चढला. तिचा हात एकदाही आखडला नाही. देवाने मला अनेक उत्सव दाखवले. असा विजय दाखवला नव्हता.

शेवटी ओळी गाण्याची वेळ आली. हर्षदची पाळी आली. तो पुढे येऊन माझ्यासमोर बसला. मग मान खाली घालून त्याने गायले,

"जाणूनबुजून कणीक ठेविली ओली,
मत्सराने केली घाण सारी."

प्रेमाने माझ्यावर ठेका धरला, तेव्हा सर्वांनी ती ओळ उचलली.

वाचकहो, दोष झाकला की आतून कुजतो. तो माणसांत उघडा करा.

आज माझे डावे तोंड नवे आहे आणि शनिवारी मी प्रेमाच्या मांडीवर असतो. क्षमा झाली, तरी बुवांनी दंड सोडला नाही. हर्षदने मला वाजवायचे नाही. दर शनिवारी कणीक मळायची, आणि भजनानंतर सर्वांदेखत नखांनी खरवडून काढायची.

"किती दिवस, बुवा?" त्याने विचारले होते.

"प्रेमा पुरे म्हणेपर्यंत."

प्रेमाने अजून पुरे म्हटलेले नाही.