पाच दिवस नव्हे, तीन

लोनी बॅटिस्ट या कैद्याने आपल्या कोठडीतल्या संडासात चादर कोंबून कोठड्यांची सगळी गल्ली तुंबवली आणि ते घाण पाणी माझ्या नव्याकोऱ्या बुटांत शिरलं. अशा वेळी आम्ही तुरुंगातले गार्ड कोठडीमागच्या बोळात जाऊन त्या कोठडीच्या पाण्याची चावी बंद करतो. पाळी संपताना ती उघडायची असते. मी उघडली नाही आणि दोन दिवसांच्या सुट्टीवर घरी गेले. लुइझियानातला ऑगस्ट होता, भट्टीसारखा तापलेला. पुढच्या पाळीवाल्यांना लोनीचा आरडाओरडा ऐकू येत होता, पण त्यांना वाटलं, मार्ला गिड्रीने बंद केलंय म्हणजे काहीतरी कारण असेल. तिसऱ्या दिवशी त्याला स्ट्रेचरवरून नेलं. त्याच्या दोन्ही किडन्या गेल्या.

त्याने माझ्यावर दावा लावला. आमच्या सरकारी वकिलाने एक जुना निकाल शोधून काढला. त्यातला कैदी पाच दिवस पाण्यावाचून होता आणि कोर्टाने ते बेकायदा ठरवलं होतं.

"आपले तीनच," वकील म्हणाला. "आधीच्या कुठल्या निकालात तंतोतंत तेच बेकायदा ठरलेलं नसेल, तर सरकारी नोकरावर दावा चालत नाही." "तीन दिवससुद्धा चालत नाहीत, असं आजवर कुठल्या कोर्टाने सांगितलंय? मग तुम्हाला कळणार कसं?"

न्यायाधीशांना ते पटलं. दावा निकालात निघाला. माझ्या मनात काय होतं, हे विचारायची त्यांना गरजच पडली नाही.

बाहेर आमच्या सार्जंटने पाठीवर थाप मारली. "सुटलीस गं मार्ले! शनिवारी तुझ्या अंगणात क्रॉफिश झिंगे उकडायचे. मी फक्त खायला येणार!"

मी हसले. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

बाकावर लोनीची आई बसली होती; आमच्याकडे वयस्क बायकांना मिस म्हणतात, तशी ती सगळ्यांची मिस अर्लीन.

"मिस गिड्री, एकच विचारते. तू विसरली होतीस ना? विसरले म्हण, बाई. माणूस विसरतो. मी लोनीला तसं सांगेन."

वकिलाने माझा दंड धरला. "एक शब्द बोलू नका. अजून अपील व्हायचंय."

"नाही विसरले," मी म्हणाले. "दुसऱ्या दिवशी दुपारी आठवलं. हातात बर्फाच्या चहाचा पेला होता, फोन समोरच होता. पण बूट अजून वाळले नव्हते. राग आला होता. म्हटलं, राहू दे अजून थोडा वेळ."

मी गणवेशातच होते. मिस अर्लीन माझ्या पायांकडे बघत राहिली.

"हेच का ते?"

हेच होते.