आळणी सुरवा

आजारातून उठल्यावर जगदेवनं मनाशी ठरवलं होतं की, ज्याचे ज्याचे हात लागले त्या प्रत्येकाला तोंडानं धन्यवाद द्यायचे, आणि मग देवळात उभं राहून देवाचे आभार मानायचे. त्याच्या मते तीच रीत बरोबर होती.

मोट हाकताना छातीत कळ आली आणि तो विहिरीच्या धावेवरच आडवा झाला, तेव्हापासून दोन पावसाळी महिने त्यानं बाशीमच्या मिशनच्या दवाखान्यात काढले. पाय सुजले होते. उताणं निजलं की जीव घुसमटे. डॉक्टरीणबाईनं थेंबांचं औषध दिलं आणि सांगितलं, "जड उचलायचं नाही, मीठ खायचं नाही, राग करायचा नाही. तुमचं काळीज थकलंय." जगदेवला हसू आलं होतं. कुणब्याला मीठ सोडवेल एक वेळ, पण राग?

दवाखान्यात नेण्यासाठी बैलगाडी जुंपली होती, त्या सकाळी त्यानं बायकोला जवळ बोलावलं होतं. सोजरबाईचा हात धरून स्वतःच्या छातीवर ठेवला होता. आतलं काळीज जाळ्यात सापडलेल्या पाखरासारखं फडफडत होतं.

"सोजर, मी मेलो तं मेलो. पण माह्या नावानं कोण्या देवीच्या दारात जाजो नोको. बोल."

"नाही जात," ती म्हणाली होती. "येशूची आण."

पाच वर्षांपूर्वी दोघांनी बरोबरच बाप्तिस्मा घेतला होता. त्या दिवसापासून गावच्या विहिरीवर सोजरला कोणी दोर टाकू देत नव्हतं. ती वावरातल्या विहिरीवरून डोक्यावर पाणी आणायची. भाऊबंदांनी हाक मारणं सोडलं होतं. जगदेवनं ते सगळं सोसलं, कारण सोबत सोजर होती.

आता जोंधळा घरात आला होता आणि शेजारच्या रिठदच्या लहानशा ख्रिस्ती देवळात उपकारस्तुतीचा रविवार होता. त्या दिवशी मंडळी पिकाचा पहिला वाटा आणतात. कोणी भोपळा, कोणी कोंबडी, कोणी पायलीभर दाणे. जगदेवनं आजाराच्या आधीपासून त्या दिवसासाठी एक काळा बोकड पाळला होता. पण तो दवाखान्यातून घरी आला तेव्हा बोकडाचं दावं रिकामं होतं. "लांडग्यानं नेला," सोजर म्हणाली होती. जगदेव म्हणाला होता, "जाऊ दे. देवाचाच होता."

म्हणून या रविवारी गाडीत भोपळा होता आणि जोंधळ्याचं गाठोडं. देवळाच्या दारात सोजर गाठोडं घेऊन उतरली. जगदेव म्हणाला, "तू हो पुढं. मी फय्याजले भेटून येतो."

फय्याज रिठदचा खाटीक. जगदेव घरी आला त्याच दिवशी सोजरनं त्याला मटणाचा सुरवा करून दिला होता, मीठ न घातलेला. फय्याजनं ओळखीनं मटण धाडलं, असं तिनं सांगितलं होतं. आळणी सुरवा कोणाला गोड लागतो? पण त्याला लागला. त्या ताटापुढं डोळे मिटून त्यानं एवढी लांब प्रार्थना केली होती की सुरवा निवून गेला.

"या, जगदेवभाऊ!" फय्याज उठून उभा राहिला. "अल्लाची मेहेरबानी. चालून आले!"

"तुह्यीही मेहेरबानी, बाप्पा. तुह्या मटणानं अंगात बळ आलं. तेच सांगाले आलो."

"माह्या?"

"तू धाडलं होतं ना, मी दवाखान्यातून आलो तवा."

फय्याज हसला. "मस्करी करता का गरिबाची? अवो, त्या हप्त्यात तुमच्या गावातून एक गिऱ्हाईक आलं नाही. मरीआईले काया बोकड पडला ना. सारं गाव तेथंच जेवलं. मीच गेलो होतो सोलाले. भाबीनं नवस फेडला, चांगलं केलं. आदमी तं जिता झाला!"

जगदेवनं फय्याजचा हात हातात घेतला, सोडला, आणि तो गाडीला धरून उभा राहिला.

त्याला एकेक आठवू लागलं. तो सुरवा पीत होता त्याच दिवशी रामराव पाटील कित्येक वर्षांनी त्याच्या ओट्यापुढं थांबला होता. "बरा दिसून राह्यला, जगदेव. सांभाळलं बा तुले तिनं," असं म्हणाला होता. जगदेवला वाटलं, तिनं म्हणजे सोजरनं. दुसऱ्या दिवसापासून सोजर गावच्या विहिरीवरून पाणी आणू लागली, तेव्हा तर त्यानं खाटेवर गुडघे टेकले होते. देवानं गावाचं मन वळवलं, म्हणून. गाव तेव्हा किती हसलं असेल! सगळ्यांना ठाऊक होतं. बोकड कोणाचा, कापला कोणासाठी, आणि त्याचा वाटा पिऊन येशूचे आभार कोण मानतो आहे. ठाऊक नव्हतं ते फक्त त्यालाच.

देवळात गाणं संपलं होतं. उपदेशक गोपीचंद मास्तरांनी त्याला पाहताच हात पुढं केला.

"या, जगदेवभाऊ. मंडळी, मरणाच्या दारातून आलेला हा आपला भाऊ. एवढं संकट आलं, पण या घरानं दुसऱ्या दैवतापुढं हात जोडला नाही. द्या साक्ष."

जगदेव उभा राहिला. बायकांच्या बाजूला सोजर बसली होती. तिनं मान वर केली, त्याचा चेहरा पाहिला आणि पदर तोंडाशी नेला. तिला कळलं होतं.

खरं सांगितलं तर मंडळीतून सोजरचं नाव निघणार, प्रभुभोजनाला ती बाहेर बसणार. नाही सांगितलं तर साक्ष खोटी. सबंध आजारात तो या एका साक्षीसाठी जगला होता. रात्री श्वास लागे तेव्हा तीच मनात घोळवत असे: माझ्या घरानं तुला सोडलं नाही.

"मी जिता हाओ," तो म्हणाला. "डॉक्टरीणबाईनं औषध देलं. तुमी साऱ्यायनं प्रार्थना केली. देवाचे उपकार."

"आणि घरचं सांगा ना," मास्तर कौतुकानं म्हणाले.

"घरचं देवाले ठाऊक."

तो खाली बसला. मास्तरांनी घाईनं पुढचं गाणं धरलं.

परतताना सोजरच आधी बोलली.

"फय्याजनं सांगतलं?"

"मी त्या सुरव्यावर प्रार्थना केली वं. डोये मिटून. अन् तू समोर बसून आमेन म्हटलं."

"मंग काय म्हणाचं होतं?" ती एकदम उसळली. "तुमी तिकडं निजले होते. मी इकडं एकली. तुमी मेले असते तं खांद्याले चौघं कोठून आणले असते मी? रामराव म्हणे, बोकड कबूल कर, मंग गाव तुह्यं हाये. मी येशूलेही हात जोडत होती, रोज. कोण आयकन, मले काय ठाऊक?"

"मले इचाराचं होतं."

"इचारलं असतं तं तुमी नाही म्हटलं असतं."

"म्हणूनच इचाराचं होतं, सोजर. अन् बोकड कापला तं कापला. मले कायले चारला?"

सोजर इतकंच म्हणाली, "प्रसाद घरच्या माणसानं खाल्ल्याबिगर नवस फिटत नाही."

जगदेवच्या छातीत काहीतरी दाटून आलं. त्यानं हात ठेवून पाहिलं. ती कळ नव्हती. राग करायचा नाही, असं डॉक्टरीणबाईनं सांगितलं होतं; त्यानं कासरा दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि नजर बैलांच्या वशिंडावर ठेवली.

घरी आल्यावर तिनं भाकरी थापल्या आणि ताट पुढं ठेवलं. वाटीत पातळ काहीतरी होतं. नेहमीप्रमाणं ती समोर बसली, हात जोडून, त्याच्या प्रार्थनेची वाट पाहत.

"हे काय हाये?" त्यानं विचारलं.

इतक्या वर्षांच्या संसारात त्यानं ताटातलं कधी विचारलं नव्हतं.

"वरण हाये. आळणी. आपल्याच तुरीचं," ती म्हणाली.

जगदेवनं हात जोडले. जीव वाचवल्याबद्दल, अन्नाबद्दल, त्यानं देवाचे उपकार मानले. एकही शब्द गाळला नाही, कारण देवानं त्याला फसवलं नव्हतं. फक्त या वेळी त्यानं डोळे मिटले नाहीत. आमेन होईपर्यंत तो सोजरच्या हातांकडं पाहत राहिला.