ओनोरिनाची शेगडी

२०१४ साली ऑक्टोबर संपत आला तरी कार्नियाच्या डोंगरात थंडी उतरली नव्हती. लोक कोट हातावर टाकून हिंडत होते. आणि अशा हवेत ओनोरिना म्हातारीच्या स्वयंपाकघरात एर्मेस गुडघे टेकून तिच्या शेगडीतली कांडी काढत होता.

"गेली?" ओनोरिनाने विचारलं.

"गेली. सहा आठवड्यांत तिसरी. मावशी, तू या कांड्या खातेस की काय?"

"दात कुठे राहिलेत मला!"

लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या गोळ्यांवर चालणारी ती शेगडी. गोळ्या आपोआप भांड्यात पडत आणि बोटाएवढी कांडी विजेने लाल होऊन त्यांना पेटवी. एर्मेस आधी खुर्च्यांच्या कारखान्यात होता. कारखाना बंद पडला तेव्हा तो या दुरुस्तीत शिरला, त्याला अकरा वर्षं झाली होती. हात काही जादूचा नव्हता त्याचा. पण बिघाड नसेल तर तो नाही म्हणून लिहून देई, गिऱ्हाईक रागावलं तरी. त्यामुळे खोऱ्यात त्याच्या कागदाला मान होता.

त्याने बटणं दाबून आकडा पाहिला. सप्टेंबरपासून शेगडी चारशे बारा वेळा पेटली होती.

"कितीवर ठेवतेस?"

"अठरावर. गारठा नाही, मग मोठी आग कशाला? निखाऱ्यावर राख ओढून ठेवावी तशी ठेवते. विझू द्यायची नाही, इतकंच."

एर्मेसला हसू आलं. जन्म लाकडाच्या चुलीपुढे गेलेल्या सगळ्याच बायका ही चूक करत.

"अगं, हिला राख ओढणं कळत नाही. खोली अठरावर आली की ही विझते, जरा उतरली की पुन्हा पेटते. अशा उबदार हवेत दिवसभर तेच चालतं. आणि दर वेळी कांडीला लाल व्हावं लागतं. दिवसातून एकदा पेटवलीस तर अख्खा हिवाळा जाईल. तू महिन्याच्या आत तिचा जीव घेतेस."

त्याने नवी कांडी बसवली. "आता हिचं आपोआप पेटणं मी बंद केलंय. सकाळी एकदा बटण दाबायचं, सगळ्यात लहान ज्योत ठेवायची. उकडलं तर खिडकी उघड. नको झाली की हाताने बंद कर. मग ही आपणहून पेटणार नाही."

"बरं," ओनोरिना म्हणाली. तिला ते पटलेलं दिसलं नाही.

बाहेर गाडीपाशी तिचा मुलगा लोरिस उभा होता. उदिने शहरातून आला होता.

"बाबा गेल्यापासून हे असंच आहे," तो म्हणाला. "त्यांच्याशी बोलते. शेगडी सारखी चालू-बंद करते, आणि विचारलं तर हात लावला नाही म्हणते. कधीतरी घर पेटेल. तोल्मेत्सोच्या वृद्धाश्रमात खोली धरून ठेवलीय मी."

"मग मी काय करू?"

"तिनेच अट घातलीय. म्हणाली, 'दोष शेगडीत आहे असं एर्मेसने लिहून दिलं तर मी इथेच राहणार, माझ्यात आहे म्हणाला तर मुकाट्याने येईन.' म्हणते, तो खोटं लिहीत नाही. शनिवारी मी बाबांच्या कबरीवर फुलं ठेवायला येतोय. तेव्हा कागद द्या."

घरी नीवेसने, एर्मेसच्या बायकोने, हे ऐकून मक्याच्या पिठाचा पोलेंटा ढवळता ढवळता मान हलवली. "तिचा नवरा तीते जाऊन वर्ष झालं, आणि ती अजून दोन ताटं मांडते. तिथे तू काय तपासणार? पेचकसाने?"

"शेगडी तपासणार."

"तपास हो. तीतेचं काही ऐकू येऊ नये म्हणून कान तेवढे टोपीत झाकून जा."

शनिवारी, सर्व संतांच्या दिवशी, साडेतीनला एर्मेस पुन्हा आला. ऊन लख्ख होतं, खिडकी सताड उघडी. रात्री मृतांना तहान लागते म्हणून ओनोरिनाने दाराशी पाण्याची बादली आधीच भरून ठेवली होती. सगळ्याच घरांत ठेवत.

"सकाळी पेटवली, दहाला बंद केली. तू सांगितलंस तसंच रोज," ती म्हणाली.

त्याने आकडा पाहिला. पाच दिवसांत पाच वाढायला हवे होते. दहा वाढले होते. दुसऱ्या पाचांच्या वेळा शेगडीने नोंदवल्या होत्या: चार वाजून आठ मिनिटं, चार-सात, चार-आठ...

"दुपारी बटण कोण दाबतं, मावशी?"

"मी नाही दाबत."

त्याला वाईट वाटलं. म्हातारी विसरत होती, आणि हे आता त्यालाच लिहावं लागणार होतं. मग खात्री करावी म्हणून त्याने कांडी उपसून काढली आणि फडक्यावर ठेवली. कांडीशिवाय या शेगडीत ठिणगीसुद्धा पडणं शक्य नव्हतं. तो स्टुलावर बसला. ओनोरिना समोर वाळलेल्या घेवड्याच्या शेंगा सोलत होती. तिचे दोन्ही हात त्याला दिसत होते.

चारला शेगडीवर खोलीच्या तापमानाचा आकडा एकवीस होता. चार-पाचला अठरा झाला. मग सोळा. मग तेरा. खिडकीतून उबदार वारा येत होता आणि एर्मेसच्या तोंडातून वाफ निघत होती. खोलीत राळेचा आणि ओल्या लोकरीचा वास भरला. ओनोरिनाने सोलणं न थांबवता आपली खुर्ची हातभर बाजूला ओढली, कुणाला शेकायला जागा द्यावी तशी.

गोळ्या टपटप पडल्या. फडक्यावरच्या कांडीला एर्मेसने बोट लावून पाहिलं. थंडगार होती. भांड्यात आधी धूर वळला, मग पिवळी ज्योत उभी राहिली.

"रानातून याच वेळी यायचा तीते," ओनोरिना म्हणाली. "लाकूडतोड्याचे पाय कोरडे कधी असतात? विझू देऊ नकोस म्हणायचा, एवढंच त्याचं मागणं." मग तिने एर्मेसकडे नीट पाहिलं. "भ्यालास?"

"हो."

"मीही भ्याले होते. पहिले दोन दिवस. थांब, कॉफीत घोटभर ग्राप्पाची दारू घालून देते."

आकडा हळूहळू वर चढला. एकवीसवर शेगडी आपली आपण विझली. तेवढ्यात लोरिस दफनभूमीतून आला, बुटांना माती.

"लिहिलंत?"

एर्मेसने पॅड मांडीवर घेतलं. जे पाहिलं ते लिहावं तर त्यालाही वृद्धाश्रमात शेजारची खोली धरावी लागली असती. ओनोरिना शेंगांची टरफलं गोळा करत होती. तिने वर पाहिलं नाही, विनवलं नाही. एर्मेसने लिहिलं: शेगडीच्या नियंत्रणात दोष आहे. बाईंच्या वापरात चूक नाही. पहिलं वाक्य म्हणजे त्याने आयुष्यात कागदावर लिहिलेलं पहिलं खोटं होतं. सही वाकडी आली, म्हणून त्याने ती दुसऱ्यांदा नीट केली.

"मग नवीच घेऊ या," लोरिस म्हणाला.

"नको. ही मी सांभाळतो."

लोरिसने कागद दोनदा वाचला आणि घडी करून खिशात ठेवला. "जिंकलीस गं आई," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, थकवा होता.

ओनोरिना त्या घरात आणखी चार हिवाळे राहिली. २०१८च्या मार्चमध्ये एका दुपारी ती शेगडीसमोर बसल्या बसल्या गेली. शेजारीण आत आली तेव्हा खोली छान उबदार होती. लोरिसने घर व्हिएन्नाच्या एका जोडप्याला विकलं. ते उन्हाळ्यात येतात, त्यांना शेगडी लागत नाही. लोरिस उदिनेलाच असतो, निवृत्त झालाय, आईचा विषय निघाला की म्हणतो, बरं झालं हलवलं नाही.

एर्मेसने त्यानंतर कुणालाही खोटं लिहून दिलं नाही. २०२०च्या वसंतात नीवेस इस्पितळात गेली ती परत आली नाही. शेवटची भेटही कुणी होऊ दिली नाही. आता तो तोल्मेत्सोत मुलीच्या इमारतीत वरच्या मजल्यावर राहतो. तिथे तळघरातून सगळ्यांना सारखी ऊब येते. नीवेस बाजारातून अकराला परतायची. रोज अकराच्या सुमाराला तो वर्तमानपत्र खाली ठेवतो आणि भिंतीवरच्या तापमापकाकडे बघत बसतो. वीस अंश असतात. सव्वाअकरालाही वीसच असतात.