देवी न्हाय, गोळी

नवरात्रात शेजारच्या गंगम्माकाकूंनी मोठ्या मनानं आरतीचा मान मला दिला. उजव्या हातात ताट, डाव्या हातात घंटी. आरती सुरू व्हायच्या आतच माझे हात कापाय लागले आणि घंटी आपसूक वाजाय लागली.

"अक्षताच्या अंगात आलं गं!" काकू ओरडल्या.

कुणी ताट आणि घंटी काढून घेतली, कुणी कपाळभर हळदकुंकू फासलं. मागल्या साली ह्याच बायका मला येडी म्हणून हळदीकुंकवाला बोलवत न्हवत्या. आता एकेक करून पाया पडत होत्या.

काकूंनी हात जोडले. "आई, काय पायजे तुला?"

"पाणी," मी म्हणलं. तोंड पार कोरडं पडलं होतं.

तांब्याभर पाणी पिऊन मी सगळ्यांकडं बघितलं. "उठा. देवी न्हाय आली. माझ्या डोक्यात आवाज येत्यात, त्याची गोळी घेते मी. त्या गोळीनं हात कापतात. डॉक्टरांना सांगितलंय, ते डोस बदलून बघणार हायत."

बायका पदर सावरत उठल्या. माझ्याकडं कुणी बघंना.

"मग सोड की असली गोळी," काकू म्हणाल्या.

"सोडली की आवाज येतात. तवा तुमी दार लावून घेता."

दुसऱ्या बाईकडं द्यायला म्हणून काकूंनी घंटी उचलली, ती मी हातातनं काढून घेतली.

"हिकडं आणा. आज घंटी मीच वाजवणार. तुमचे हात दुखतील, माझा थांबत न्हाय. म्हणा आरती!"