डाव्या बाजूचा जाळ

पेट्रोलपंपावर वाळत घातलेली चादर. फाटकात उभी मालगाडी. डब्यात उकळलेली कात्री. घोड्याच्या पाठीवर नर्सबाई!

हे सगळं एकाच दुपारचं, मित्रांनो. आणि मी एक जुनं झापड आहे. टांग्याचा घोडा इकडचं तिकडचं पाहून बुजू नये म्हणून त्याच्या डोळ्यांशेजारी चामड्याचे दोन तुकडे बांधतात. त्यातलं मी डावं.

लकडगंजच्या नत्थूजींनी मला शिवलं. टांगेवाले बाबाराव मला जवसाचं तेल लावत. त्यांचा घोडा बादल. आधी घोडदळात होता, बरं का! पुढे ऑटोरिक्षा आल्या. सवाऱ्या आटल्या. लोक म्हणू लागले, घोडा विका.

मग चौऱ्याहत्तरचा मे. रेल्वेचा संप. पंपावर पेट्रोल नाही, रस्त्यावर बस नाही. आणि टांगे? टांगे धावत होते! बर्फ, औषधं, पाहुणे, पत्रं, सगळं आम्हीच नेलं!

त्या दुपारी पारडीहून निरोप आला. बाबारावांची लेक सत्यवती बाळंतपणात अडली होती. मनकर्णा नर्सबाईंना घेऊन आम्ही सुटलो. फाटकात इंजिन नसलेली मालगाडी आडवी! रुळाखाली एक मोरी होती, पण टांगा मावेना. शिवाय तोंडाशी वाळलं गवत पेटलेलं. बाबारावांनी बादलला सोडवलं.

"बाई, बसा मांगं."

"घोड्यावर? मी? अहो, मी सायकलवर बसत नाही!"

"पोरगी तिकडं वाट पाहून राहिली. तिले काय सांगू?"

बाई चढल्या.

"जाळ डाव्या अंगाले घेतो," बाबाराव म्हणाले.

"काहून जी?" बाईंनी विचारलं.

"धरा घट्ट!"

टप टप टप टप! बादलची मान ताठ, कान पुढे. ज्वाळा अगदी माझ्याशेजारी. माझी कड करपली, पण एकही ठिणगी मी आत जाऊ दिली नाही. बादल बुजला नाही! मोरीतून पार! बाईंचा अंबाडा सुटला, कात्रीचा डबा मात्र पोटाशी घट्ट.

दिवस मावळायच्या आत मुलगी झाली. आई सुखरूप.

"बाई, नाव काय ठेवू?" बाबारावांनी विचारलं.

"काहीही ठेवा. मी घरी पायीच जाईन!"

आता मी खुंटीवर आहे. शिवण उसवली, तेल लावायला कुणी नाही. मित्रांनो, जुन्या चामड्याला वर्षातून एकदा तरी तेल द्या. त्याला कधी कुणासाठी जाळ अडवावा लागेल, सांगता येत नाही.

बादलला घोडदळातून काढलं होतं, कारण त्याचा डावा डोळा आंधळा होता.