आठवा ठोका

अप्पांचं डोकं उठलं की नव्या पेठेतल्या त्या घरात सर्वांत आधी घड्याळ थांबवलं जाई. अव्वा स्टुलावर चढायची, लंबक दोन बोटांनी धरायची, आणि मग घरातलं एकेक गप्प होत जाई. पितळी भांड्यांखाली पोतं अंथरायचं, दाराची कडी चिंधीत गुंडाळायची, खाली दुकानात कापड फाडायचं असलं तर ते परसात नेऊन फाडायचं. अप्पा, म्हणजे चनबसप्पा, आतल्या खोलीत कपाळाला ओलं फडकं आवळून पडून राहत, आणि लंबक पुन्हा हलेपर्यंत किती वाजले हे विचारायची कुणाची छाती नसे.

त्यांची आणि अव्वाची मुलगी दाक्षायणी पुण्याहून इंटर पास होऊन आली होती. एकोणीसशे चौतीसचा वैशाख होता, आणि उन्हाइतकाच तिला या सगळ्याचा संताप येई. तिनं एक गोष्ट हेरून ठेवली होती. जूनमध्ये कॉलेज उघडेल, बी. ए.साठी नाव घालायचं पत्र पाठवायला हवं, एवढं ती म्हणायची आणि अप्पांचं डोकं उठायचं.

“विषय काढला की कपाळाला हात! बरं जमतं हे म्हाताऱ्यांना,” ती म्हणाली.

“जीभ आवर, दाक्षी,” अव्वा म्हणाली. “उद्या मला म्हणशील, चूल पेटली की डोळ्यांत पाणी बरं येतं.”

मग एका सकाळी अप्पांच्या नाकातलं रक्त थांबेना. डॉक्टर पाऱ्याचं यंत्र घेऊन आले. त्यांनी दंडाला रबरी पट्टा गुंडाळला, फुगा दाबला, नळी कानाला लावली. पारा दोनशे दहावर होता.

“रक्ताचा दाब फार आहे. मीठ बंद, जिना बंद. आणि यांच्या मनाविरुद्ध कुणी काही बोलायचं नाही.” असं म्हणताना डॉक्टर अव्वाकडे पाहत होते, पण घरातल्या सगळ्यांनी दाक्षायणीकडे पाहिलं.

ते दुखणं ढोंग नव्हतं, हे तिला मुकाट्यानं मान्य करावं लागलं. आणि खऱ्या दुखण्याशी भांडता येत नाही, याचा तिला अधिकच राग आला. अप्पांनी मुंबईहून तसलंच यंत्र मागवलं तेव्हा ते चालवायचं काम तिनं आपण होऊन घेतलं. रोज सकाळसंध्याकाळ ती नळी कानाला लावून बसे आणि आकडा वहीत टिपून ठेवी. थोड्याच दिवसांत अप्पांच्या रक्ताची चाल तिला पाठ झाली. सात ठोके नीट पडत आणि आठवा पडतच नसे, जिन्याची एक पायरी निखळलेली असावी तसा. डॉक्टर म्हणाले, असतं एखाद्याचं तसं. हजार माणसांत डोळे मिटून ओळखता आली असती अशी ती चाल होती.

अव्वाचा मात्र यंत्रावर विश्वास नव्हता. तिनं मोहोळकडच्या कस्तुराबाईला बोलावलं. कस्तुराबाई गाडग्यात जळवा घेऊन आली, त्यांतली एक तिनं अप्पांच्या कानशिलाला लावली, पिऊन फुगल्यावर सोडवली, हळद लावून तिला सगळं रक्त ओकायला लावलं आणि ती वेगळ्या गाडग्यात ठेवून दिली. त्या दिवशी आकडा तिसानं उतरला.

“ही मालकांचीच,” जाताना ती म्हणाली. “एका जळूला येकच मानूस. दुसऱ्याला लावू नगा.”

“का बरं? जळूला काय माणसं ओळखू येतात होय?” दाक्षायणीनं हसून विचारलं.

“तिला न्हाय येत, ताई. रगताला येत्यात. मग त्ये आपलं घर हुडकत बसतंय.”

दाक्षायणी कितीतरी वेळ हसत होती.

पुढच्याच आठवड्यात अक्कलकोटच्या मल्लप्पांचा निरोप आला. त्यांच्या मुलासाठी ते दाक्षायणीला बघायला येणार होते. तिला कुणी विचारलं नव्हतं आणि तिला काही बोलायची सोय नव्हती. बोलली असती तर पारा चढला असता. सकाळपासून तिच्या मनात एकच वाक्य फिरत राहिलं: मुलगी म्हणजे काय बाजारातला खण आहे, उलटासुलटा करून बघायला? ते वाक्य गिळता गिळता दुपारपर्यंत तिचंच डोकं ठणकायला लागलं. घरातली सगळी जेवून आडवी झाली होती. दुखणं असह्य झालं तेव्हा ती उठली, अप्पांचं गाडगं उघडलं आणि त्यातली जळू स्वतःच्या कानशिलाला लावली. तिनं एका क्षणात पकड घेतली, ओळखीच्या दारातून आत शिरावं तशी. कपाळातली कळ ओसरत गेली. एवढ्यात अव्वाच्या बांगड्या वाजल्या, आणि दाक्षायणीनं घाईघाईनं मीठ टाकून जळू सोडवली आणि तशीच गाडग्यात टाकली. हळद लावायची राहून गेली.

सोमवारी अव्वानं तीच जळू अप्पांना लावली. दाक्षायणी बाजूला वही घेऊन बसली होती. सांगावं असं तिच्या ओठांवर आलं होतं. पण मग चोरून लावल्याचंही सांगावं लागलं असतं, आणि शिवाय रक्त ते रक्त. तिनं केस कानशिलावर ओढून घेतले.

त्यानंतर पारा रोज उतरत गेला. एकशे ऐंशी, एकशे साठ, एकशे चाळीस. अप्पा उठून बसले, जिना उतरले, दुकानात जाऊन बसले. घड्याळ दिवसच्या दिवस न थांबता चालू लागलं. आणि मल्लप्पा आले त्या दिवशी अप्पांनी त्यांना चहासुद्धा होऊ दिला नाही.

“मुलगी म्हणजे काय बाजारातला खण आहे, उलटासुलटा करून बघायला?” ते ताडकन म्हणाले.

मल्लप्पा पगडी सावरत उठले. अव्वा तोंडाला पदर लावून उभी राहिली. दाराआडून दाक्षायणीनं ते ऐकलं. ते वाक्य ती कुणाजवळही बोलली नव्हती.

त्या संध्याकाळी अप्पांच्या दंडाला पट्टा बांधून ती मुद्दामच म्हणाली, “अप्पा, मी पुण्याला जाणार.”

पारा तसूभर हलला नाही. ती नीट कान देऊन ऐकत राहिली. सात ठोके पडले, आठवाही पडला. मग नववा, दहावा, भराभर, एखाद्या तरण्या पोराचे पडावेत तसे.

“जा की,” अप्पा म्हणाले. “अडवलंय कुणी?”

ती जिंकली होती. पत्र गेलं, उत्तर आलं, ट्रंक भरली गेली. अव्वा कडबोळी तळताना रडली. फक्त ज्या आनंदाची दाक्षायणी इतके दिवस वाट पाहत होती तो येईना. पडलेल्या दाताच्या जागी जीभ जावी तसं तिचं मन पुन्हा पुन्हा त्या जागेवर जाई, आणि तिथं काही नसे. मैत्रिणी, वाचनालय, नदीवरचा पूल, सगळं आठवे. ते हवंसं मात्र वाटत नसे. पुस्तकं भरताना तिला वाटलं, केवढा हा खटाटोप, आणि कशासाठी?

निघायच्या दिवशी सकाळपासून तिच्या कानशिलात घण पडत होते. यंत्र अप्पांच्या खोलीत होतं. तिनं पट्टा स्वतःच्या दंडाला गुंडाळला आणि एका हातानं फुगा दाबला. पारा चढत चढत दोनशेच्या पुढं गेला. तो हळूहळू उतरायला लागला तसा नळीतून आवाज आला. सात ठोके. मग एक निखळलेली पायरी. पुन्हा सात.

बाहेर अप्पा येरझाऱ्या घालत होते. तिची ट्रंक त्यांनी स्वतःच दारापाशी आणून ठेवली होती, आणि अंगात कोट, डोक्याला रुमाल अशी स्वतःचीही तयारी केली होती.

“दाक्षे, आटप की! गाडी किती वाजता?” ते अधीरपणे म्हणाले. “या घरात नुसता जीव गुदमरतो बघ माणसाचा.”

दाक्षायणीला वेळ आठवेना. भिंतीवरचं घड्याळ डोक्यात खिळे ठोकल्यासारखं वाजत होतं. ती उठली, स्टुलावर चढली आणि तिनं लंबक दोन बोटांनी धरला.